गळाचे रीळ निवडताना

नदीकाठी, तलावाच्या बांधावर किंवा खाडीच्या मुखाशी गळ टाकून बसण्याचा छंद आपल्याकडे फार जुना आहे. कोकणात त्याला ‘गरवणे’ असे म्हणतात. बांबूची काठी, थोडासा दोरा आणि गरी एवढ्या साहित्यावर पिढ्यानपिढ्या मासे धरले गेले. काठीला रीळ जोडले गेले, तेव्हा दोन गोष्टी साधल्या. आमिष दूरवर फेकता येऊ लागले आणि मोठा मासा धावू लागताच त्याला दोरा सोडून देणे शक्य झाले. यांतील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होय. दोरा तुटला तर मासा तोंडात गळ घेऊन निघून जातो, आणि अनेकदा प्राणास मुकतो. म्हणूनच रिळाची निवड हा केवळ हौसेचा वा पैशाचा प्रश्न नाही.

रिळांचे चार प्रकार

साधे रीळ हे सर्वांत जुने. मूठ एकदा फिरवली की चाक एकदाच फिरते. त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. संथ पाण्यात, काठाजवळ तरंगी लावून मासे धरण्यास ते उत्तम. परंतु दूरवर फेकण्यासाठी बराच सराव लागतो.

दुसरा प्रकार स्पिनिंग रिळाचा. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथील लोकर-उद्योजक होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये अशा रिळाचे पेटंट घेतले. गिरणीतील बॉबिनवरून सूत जसे टोकाकडून सुटते, तसाच येथे दोरा सुटतो. फेकताना बॉबिन फिरत नसल्यामुळे हलके आमिषही दूर जाते आणि गुंता कमी होतो. नवशिक्यास हे सर्वांत सोयीचे. मात्र मासा दोरा ओढून नेत असताना मूठ फिरवत राहू नये. तसे केल्यास दोऱ्याला पीळ पडतो.

तिसरा प्रकार मल्टिप्लायर. अमेरिकेतील केंटकी राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी घड्याळजींच्या हातून तो विकसित झाला. दातेरी चाकांच्या योजनेमुळे मुठीच्या एका फेऱ्यात दोऱ्याचे चाक अनेकदा फिरते. जड आमिष, जाड दोरा आणि बलवान मासा यांसाठी हे रीळ योग्य. पण फेकताना चाकच गरगरा फिरते; अंगठ्याने ते वेळीच आवरले नाही, तर क्षणात दोऱ्याचे घरटे होते.

चौथा प्रकार झाकलेल्या रिळाचा. बटण दाबले की दोरा सुटतो. मुलांना शिकविण्यास ते ठीक. परंतु दोरा कमी मावतो आणि मोठ्या माशापुढे त्याची शक्ती अपुरी पडते.

पाणी, मासा आणि हात

निवड करताना प्रथम पाणी पाहावे, मग मासा, मग आपला हात. किंमत सर्वांत शेवटी. तलावातील रोहू-कटल्यासाठी मध्यम आकाराचे स्पिनिंग रीळ पुरेसे होते. खाडीतील जिताडा किंवा तांबोशी आडोशाकडे जोराने धाव घेते. तेथे मजबूत स्पिनिंग रीळ अथवा, सराव असल्यास, मल्टिप्लायर घ्यावे. खाऱ्या पाण्यासाठी गंजरोधक भाग असलेलेच रीळ निवडावे, आणि प्रत्येक वापरानंतर ते गोड्या पाण्याने हलकेच धुऊन वाळवावे.

कोणतेही रीळ घ्या, त्याचा ‘ड्रॅग’ अवश्य तपासा. ठराविक ताण आला की दोरा आपोआप सोडणारा हा सरकता ब्रेक होय. तो झटके न देता एकसारखा सरकला पाहिजे. दोऱ्याच्या तुटण्याच्या ताकदीच्या एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश ताणावर तो बसवावा. सहा किलोच्या दोऱ्यासाठी हा ताण दीड ते दोन किलो येतो. स्प्रिंगच्या काट्याने तो सहज मोजता येतो. ड्रॅग फार घट्ट असेल, तर दोरा तुटतो. फार सैल असेल, तर झुंज लांबते आणि मासा इतका थकतो, की सोडून दिल्यावरही जगत नाही.

महसीरचा धडा

या बाबतीत महसीरचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. पुण्याजवळील मुळा-मुठेच्या पाण्यातील महसीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केले. पुढे धरणे, प्रदूषण आणि बेसुमार मासेमारी यांमुळे दख्खनच्या अनेक नद्यांतून हा मासा कमी होत गेला. लोणावळ्याजवळ टाटा वीज कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची कृत्रिम पैदास करून बोटुकली जलाशयांत सोडण्यात आली. असा मासा गळाला लागलाच, तर त्याला लवकर काठाशी आणून, ओल्या हाताने धरून, पुन्हा पाण्यात सोडणे हेच उचित. त्यासाठी दीडशे मीटर तरी पुरेसा बळकट दोरा मावेल, असे रीळ हवे. नाजूक रिळावर मोठा मासा खेळवण्यात कौशल्य दिसत असेल, दया नाही.

शासनाचे अनेक जलाशय मच्छिमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तेथे परवानगीशिवाय गळ टाकू नये. तुटलेला नायलॉनचा दोरा पाण्यात वा काठावर टाकू नये. पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. पाण्याला, माशाला आणि आपल्या हाताला साजेल, असे रीळ निवडणाऱ्याचा छंद त्याला आनंद देईल आणि नदीलाही भार होणार नाही.