कावळा शिवणार नाही म्हणे!

देहदानाचा विषय काढा, सोलापुरात हमखास उत्तर येतं, "अहो, अग्नी नाही दिला तर मुक्ती कशी? पिंडाला कावळासुद्धा शिवायचा नाही." परवा एका दहाव्याला हेच ऐकलं, तेही निवृत्त विज्ञानशिक्षकाच्या तोंडून!

अग्नीवाचून गती नसेल, तर याच शहरातल्या लिंगायत घरांचं काय? ती तर मृताला मातीत ठेवतात. संन्याशाला समाधी देतात, तान्ह्या बाळाला पुरतात. देह हाती लागलाच नाही, तर धर्मशास्त्रात पालाशविधी आहे. पळसाची प्रतिमा करून तिला अग्नी द्यायचा. म्हणजे देहावाचून अंत्यसंस्काराची सोय पोथीतच आहे. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्ये वारले, तिथल्याच मातीत त्यांची समाधी आहे. भैय्या चौकातल्या स्मारकापुढे उभं राहून कुणी म्हणून दाखवावं, त्यांना गती मिळाली नाही म्हणून.

'शव चिरणं आपल्या संस्कृतीत बसत नाही' म्हणणाऱ्यांनी सुश्रुतसंहितेचं शारीरस्थान उघडावं. शव गवतात गुंडाळायचं, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात कुजू द्यायचं. सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या नाहीतर वेळूच्या कुंच्यानं हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक भाग डोळ्यांनी पाहायचा. आज पाण्याच्या जागी फॉर्मॅलिन आलं, एवढंच. १९६३ पासून सोलापुरात असलेल्या वैशंपायन वैद्यकीय कॉलेजात काय किंवा आणखी कुठे काय, पहिल्या वर्षाचं पोर नस आणि शीर यांतला फरक शवावरच शिकतं. शस्त्रक्रियेची नवी पद्धतही रुग्णावर करण्याआधी शवावर करून पाहतात.

बाकीचे गैरसमज किरकोळ. डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळेपण येतं? मग दधीची बिनहाडाचे जन्मले असतील! नेत्रदान केलं की देह घेत नाहीत? घेतात, डोळे मात्र सहा तासांच्या आत काढावे लागतात. घरच्यांना पैसे मिळतात? छदामही नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. शवविच्छेदन झालेला देह शिकवायला चालत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी देहदानाचा संकल्प केला होता. २०१३ मध्ये त्यांचा खून झाला, शवविच्छेदन करावं लागलं आणि तो संकल्प राहून गेला.

तेव्हा अर्ज भरून कपाटात ठेवू नका. मुलांना, सुनांना सांगून ठेवा. ऐनवेळी कॉलेजला फोन त्यांनाच करायचा असतो.