साताऱ्याचे अंश, सांगलीचे मीटर

साताऱ्याचं स्थान ढोबळमानाने १७.६८ उत्तर, ७४.०० पूर्व, सांगलीचं १६.८५ आणि ७४.५८. पण अंशांच्या या आकड्यांवरून अंतर थेट काढता येत नाही, कारण रेखांशाच्या अंशाची लांबी ध्रुवाकडे घटत जाते. त्यासाठी मीटरमधले निर्देशांक सोयीचे पडतात. ‘प्रोज’ या मोफत संचातली ‘सीएसटूसीएस’ ही आज्ञा ते देते. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. आज्ञेत दोन सांकेतिक क्रमांक लिहायचे, मूळ पद्धतीचा, म्हणजे जीपीएसच्या अंशांचा, ४३२६ आणि हव्या त्या पद्धतीचा ३२६४३. दुसरा क्रमांक ७२ ते ७८ पूर्व रेखांशांमधल्या उत्तर गोलार्धातल्या पट्ट्याचा. दोन्ही शहरं त्यातच येतात. साताऱ्याचं उत्तर येतं सुमारे ३,९४,००० आणि १९,५५,०००. सांगलीचं ४,५५,००० आणि १८,६३,०००. वजाबाकी करून शाळेतला पायथागोरस लावला, की सरळ अंतर ११० किलोमीटर.

क्रम मात्र सांभाळायचा. ४३२६ मध्ये आधी अक्षांश, पण कित्येक नकाशा-प्रणालींना आधी रेखांश हवा असतो. उलटं लिहिलंत तर सातारा थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात!

खरी गुंतागुंत जुन्या नकाशांची. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या एव्हरेस्टच्या लंबगोलावर आधारलेले, तर जीपीएसचा लंबगोल वेगळा आणि त्याचं केंद्रही वेगळं. त्यामुळे जुन्या नकाशावर वाचलेले अंश तसेच मोबाइलमध्ये भरले, तर आपल्याकडे शंभराहून जास्त मीटरची चूक होते. विहीर शेजाऱ्याच्या रानात दिसू शकते. म्हणून मूळ पद्धतीचा क्रमांक अंदाजाने टाकू नये, नकाशाच्या समासातली माहिती आधी वाचावी.