प्रवेशपत्राच्या आधीचा खर्च

परदेशी विद्यापीठात शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला किती पैसा मिळतो याची चर्चा महाराष्ट्रात पुष्कळ होते. तो कधी हाती पडतो आणि किती काळ टिकतो याचा विचार मात्र क्वचितच होतो. परभणी जिल्ह्यात, जिथे बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरची खरी मालमत्ता म्हणजे गोदावरी, दुधना आणि पूर्णेच्या काठची काळी जमीन आहे, तिथे हेच दोन प्रश्न निर्णायक ठरतात.

मुदत संपली की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी 1913 साली त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ती संपल्यामुळे लंडनमधला अभ्यास अर्धवट ठेवून 1917 मध्ये त्यांना परतावे लागले, आणि सिडनहॅम महाविद्यालयातल्या पगारातून साठवलेली शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज एवढे जुळून आल्यावरच 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. एवढ्या प्रज्ञेच्या माणसाची वाट तीन वर्षे पैशापायी अडली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. याउलट जमशेटजी टाटांनी 1892 साली उभारलेल्या निधीतून विद्यार्थ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळते, तिची परतफेड पुढच्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडते, आणि म्हणूनच तो निधी सव्वाशेहून अधिक वर्षे चालू आहे.

राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता आणि विमानभाडे देते, आणि इतर प्रवर्गांसाठीही अशा योजना आता आहेत. परंतु या योजनेतल्या जागा संपूर्ण महाराष्ट्रासाठी वर्षाला 75, म्हणजे 36 जिल्ह्यांत वाटल्या तर जिल्ह्यामागे जेमतेम दोन. शिवाय ती मिळण्यासाठी नामांकित विद्यापीठाचे प्रवेशपत्र आधी हाती असावे लागते. ते मिळवण्यासाठी इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठांची अर्जशुल्के, पारपत्र, प्रमाणित गुणपत्रके आणि मोठ्या शहरातल्या खेपा हा सारा खर्च विद्यार्थ्याला स्वतः करावा लागतो. पाथरी, जिंतूर किंवा पालमच्या कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी शिष्यवृत्तीला अपात्र ठरते असे नाही. ती अर्जापर्यंतच पोहोचत नाही.

कर्जाची वाटही तितकीच अरुंद आहे. साडेसात लाखांहून मोठ्या शैक्षणिक कर्जासाठी बँका सर्वसाधारणपणे तारण, म्हणजे कर्ज बुडाल्यास विकता येईल अशी मालमत्ता मागतात. 2002 च्या सरफेसी कायद्यातल्या जलद वसुलीच्या तरतुदी शेतजमिनीला लागू नसल्यामुळे बँका शेतीऐवजी शहरातले घर किंवा मुदतठेव पसंत करतात. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, तरीही व्हिसासाठी सहसा वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम राखीव खात्यात आधी भरलेली दाखवावी लागते, आणि 2024 च्या अखेरीस ती 11,904 युरो, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक होती. ही रक्कम पुढे दरमहा विद्यार्थ्यालाच खर्चासाठी परत मिळते. पण पहिल्या दिवशी ती आणायची कुठून, हा प्रश्न उरतोच.

परभणीत 18 मे 1972 रोजी स्थापन झालेल्या आणि आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने या बाबतीत एक मोलाचा अनुभव घेतला आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि जागतिक बँक यांच्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून तिथे यंत्रमानव, ड्रोन आणि डिजिटल शेतीचे केंद्र उभे राहिले व विद्यार्थ्यांना परदेशी प्रशिक्षणाची संधी मिळाली. तथापि प्रकल्पाचा पैसा प्रकल्पाबरोबर संपतो, हा त्याचा स्वभाव आहे.

म्हणून जिल्ह्याला गरज आहे ती स्थायी निधीची, म्हणजे ज्याच्या मुद्दलाला हात न लावता केवळ व्याज खर्च केले जाते अशा ठेवीची. पाचशे माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येकी वीस हजार रुपये दिले तर एक कोटी जमतात. सात टक्के दराने त्यावर वर्षाला सात लाख व्याज येते आणि त्यातून सहा-सात विद्यार्थ्यांचा प्रवेशपत्रापर्यंतचा खर्च निघू शकतो. जर्मनीसारख्या ठिकाणच्या राखीव रकमेसाठी परतफेडीच्या अटीवर वेगळी ठेव लागेल. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासाला देणगीवरील करसवलतीसाठी आयकर विभागाची मान्यता असली, तर जुनी करपद्धत निवडणाऱ्या दात्याला सवलत मिळते. भारतीय पारपत्र असलेल्या परदेशस्थ व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी कायद्याने विदेशी देणगी ठरत नाही; परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून मात्र वेगळ्या नोंदणी वा पूर्वपरवानगीशिवाय पैसा घेता येत नाही, आणि हा भेद पहिल्या दिवसापासून पाळावा लागेल.

परभणीतून शिकून देशोदेशी स्थिरावलेल्या पदवीधरांनी येत्या 18 मे रोजी, विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, या ठेवीचा पहिला हप्ता जमा करावा.