कार्डेक्सचे रिकामे खण

सकाळी 9.45
शिपाई मामा ग्रंथालयाचं कुलूप काढतात आणि बांधीव खंडांचा कोंदट वास अंगावर येतो. टपालात आज एक मराठी मासिक, 'करंट सायन्स'चा अंक आणि कुणाच्या तरी विम्याचं पाकीट. पूर्वी टपालातच अर्धा तास जायचा. अंक आला की कार्डेक्सवर खूण, मलपृष्ठावर शिक्का, मग रॅकवर. नाही आला तर एजंटाला स्मरणपत्र. ते नोंदकार्डांचं लोखंडी कार्डेक्स अजून माझ्या टेबलामागे आहे. खालच्या दोन खणांत मामा चहासाखर ठेवतात.

10.30
एम.एस्सी.चा मुलगा मोबाइल पुढे धरतो. "मॅडम, हा पेपर मिळेल?" लेखक, नियतकालिक काही नाही, नुसता डीओआय. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये लॉगिन केलं, दोन मिनिटांत पीडीएफ. एकेकाळी अशा लेखासाठी पुण्याच्या ग्रंथालयाला पत्र जायचं आणि झेरॉक्स येईपर्यंत पंधरवडा उलटायचा. या योजनेला 2025 ते 2027 साठी केंद्राने 6,000 कोटी रुपये मंजूर केले. 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं आमच्यासारख्या सरकारी संस्थांना खुली झाली. जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजला हे स्वप्नात दिसलं नसतं. रस्त्यापलीकडच्या खाजगी कॉलेजातली मुलगी मात्र योजनेच्या पहिल्या टप्प्यात बसत नाही. तिचा विषय भौतिकशास्त्र, म्हणून तिला 'आर्काइव्ह' दाखवते. पॉल गिन्सपार्ग यांनी 1991 साली लॉस अलामॉसमधून सुरू केलेलं ते शोधनिबंधांचं भांडार आजही सगळ्यांना फुकट आहे.

12.15
एक तरुण प्राध्यापक ईमेल घेऊन येतात. तीन दिवसांत लेख छापू, अमुक रुपये भरा. नियतकालिकाच्या नावात 'इंटरनॅशनल' आणि 'ग्लोबल' दोन्ही. "बोगस आहे का हो?" यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी होती तोवर तिच्याकडे बोट दाखवून सुटता यायचं, फेब्रुवारी 2025 मध्ये ती बंद झाली. मी संपादक मंडळातली दोन नावं शोधायला सांगते. एकाचा पत्ताच लागत नाही. सर मुकाट्याने निघून जातात. बढतीची मुलाखत जवळ आलीय, त्यांनाही काय बोलणार?

1.30
डबा.

3.00
निवृत्त सर येतात. नेहमीची खिडकी, 1987 चा खंड. एकदा म्हणाले होते, "मॅडम, माझ्या पीएच.डी.चा विषय मला भलताच लेख शोधताना शेजारच्या पानावर सापडला." तेव्हा मी ते म्हातारपणाचं हळवेपण समजले. पण समाजशास्त्रज्ञ जेम्स इव्हान्स यांनी 2008 साली 'सायन्स'मध्ये हेच मांडलं होतं: नियतकालिकं ऑनलाइन आली तसे संशोधक अधिक ताजे आणि मोजकेच लेख उद्धृत करू लागले. त्यावर वाद झाले, ते असोत. माझ्या टेबलावरून मला एवढं दिसतं, की 'अंक' मागायला कुणी येत नाही. मागतात तो 'पेपर'. शेजारचं पान उरलेलं नाही.

4.15
प्राचार्यांची चिठ्ठी: बांधीव खंड निर्लेखित करा, त्या जागी एमपीएससीची अभ्यासिका करायची आहे. मुलं व्हरांड्यात बसून अभ्यास करतात, मागणी खोटी नाही. शिवाय सगळं ऑनलाइन आहेच की, असंही खाली लिहिलंय.

आहे, पण कुणाचं? काही वर्षांपूर्वी एका प्रकाशकाची ऑनलाइन वर्गणी आम्हाला परवडेना, म्हणून थांबवली. ज्या वर्षांचे पैसे भरले होते तीही दुसऱ्या दिवसापासून उघडेनात. करार काढून वाचला तर आम्ही काही विकत घेतलंच नव्हतं. 1987 च्या खंडाचे पैसे एकदाच दिले. त्याला भीती फक्त वाळवीची.

5.20
मामा पंखे बंद करतात. मी टेप घेऊन रॅक मोजते. भिंतीकडचे चार हलवले तर वीस मुलं बसतील. गणित आणि भूशास्त्राचे खंड ठेवायचे. बाकीच्यांतलं कुठलं दुसरीकडे कायमचं जतन झालंय, ते एकेक करून तपासावं लागेल. उत्तराच्या मसुद्यात एक ओळ घालते: "सध्याची मंजुरी 2027 पर्यंतची आहे." मसुदा कार्डेक्सच्या वरच्या खणात ठेवते. तो रिकामाच आहे.