एक्स्प्लेनर : ३० वर्षांनंतरही स्रेब्रेनिकात हाडांचा शोध का सुरू आहे?

बोस्नियातील पोटोचारीच्या दफनभूमीत दरवर्षी ११ जुलैला काही नव्या शवपेट्या येतात. त्यातल्या अनेकांत पूर्ण मृतदेह नसतो; मोजकी हाडे असतात, कधी तर एकच. पण तेवढ्यासाठीही कुटुंबांनी अनेक वर्षे वाट पाहिलेली असते.

नेमके काय घडले होते?
जुलै १९९५मध्ये बोस्नियन सर्ब फौजांनी स्रेब्रेनिकातील सुमारे ८ हजार मुस्लिम पुरुष आणि मुलांची हत्या करून त्यांना सामूहिक कबरींत पुरले. पुढे पुरावे लपवण्यासाठी याच कबरी यंत्रांनी उकरून अवशेष दुसरीकडे हलवले गेले. त्यामुळे एकाच माणसाची हाडे वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात.

ओळख कशी पटवतात?
१९९६मध्ये स्थापन झालेल्या ‘आयसीएमपी’ या आंतरराष्ट्रीय आयोगाने नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. हाडांतील डीएनए या नमुन्यांशी ताडून पाहिला जातो. आतापर्यंत बहुतांश, म्हणजे सुमारे ७ हजार जणांची ओळख पटली आहे.

उत्तर मिळाल्याने काय बदलते?
मृत्यूची खात्री नसेल तर अंत्यविधी करता येत नाही आणि आशाही सोडवत नाही. वारसा, पेन्शन, पुनर्विवाह असे प्रश्नही अडकतात. ओळख पटल्यावर मात्र कुटुंबापुढे आणखी एक अवघड निर्णय असतो : मिळाले तेवढे अवशेष दफन करायचे की उरलेले मिळेपर्यंत थांबायचे? आधी दफन केले आणि नंतर आणखी हाडे सापडली, तर कबर पुन्हा उघडावी लागते.

कायदा काय सांगतो?
जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधील कलम ३२ आपल्या माणसाचे काय झाले हे जाणून घेण्याचा कुटुंबाचा हक्क मान्य करते. भारतात ७ वर्षे ठावठिकाणा न लागलेली व्यक्ती मृत असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. त्यामुळे मालमत्तेचा प्रश्न सुटू शकतो. ‘नेमके काय झाले?’ हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

आता अडचण काय?
स्रेब्रेनिकातील सुमारे हजार जण अजूनही बेपत्ता आहेत. साक्षीदार आणि वाट पाहणाऱ्या आया आता वृद्ध झाल्या आहेत. दिलेला रक्ताचा नमुना त्यांच्या पश्चातही उपयोगी पडेल. पण ते उत्तर ऐकायला त्या नसतील.