जुनी गॅस शेगडी घेताय? आधी विचारा, ती कोणत्या गॅसची आहे

छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठ, स्पर्धा परीक्षांचे क्लास आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या एमआयडीसीमुळे भाड्याच्या खोलीत नव्याने संसार मांडणारे बारा महिने असतात. खोली मिळाली की पुढचा खर्च गॅसचा. मग जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात किंवा मोबाइलवरच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर जुनी शेगडी शोधली जाते.

जुनी शेगडी घेण्यात वावगं काहीच नाही. स्टीलचा सांगाडा आणि पितळी बर्नर नीट सांभाळले तर वर्षानुवर्षं टिकतात. पण शेगडी म्हणजे जुनी खुर्ची नव्हे. तिचा कोणता भाग घासूनपुसून वापरता येतो आणि कोणता नवाच घ्यावा लागतो, हे कळलं नाही तर वाचवलेले पैसे अंगाशी येतात.

सिलिंडरची शेगडी की पाइप गॅसची?

बर्नरच्या नळीच्या तोंडाशी एक छोटा पितळी तुकडा असतो. त्याला जेट किंवा नोझल म्हणतात. त्याच्या बारीक छिद्रातून गॅस वेगाने सुटतो, जाताना आजूबाजूची हवा ओढून घेतो आणि हे मिश्रण बर्नरच्या भोकांशी पेटतं. म्हणजे ज्योत कशी असेल, हे त्या छिद्राच्या मापावर ठरतं.

सिलिंडरमधल्या एलपीजीत पाइपमधून येणाऱ्या नैसर्गिक वायूपेक्षा एका घनमीटरमागे सुमारे अडीच ते तीन पट उष्णता असते. त्यामुळे पाइप गॅसच्या शेगडीच्या जेटचं छिद्र मोठं ठेवलेलं असतं. पुण्या-मुंबईत पाइप गॅसवर चाललेली शेगडी इथे आणून तशीच सिलिंडरला जोडली, तर गरजेपेक्षा जास्त गॅस सुटतो. ज्योत उंच आणि पिवळी होते, भांडी काळी पडतात आणि बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचू शकतो.

उलटही खरं आहे. या जिल्ह्यात पाइप गॅस पोहोचवण्याचा परवाना २०१८ च्या फेरीत भारत पेट्रोलियमला मिळाला आहे. घरात पाइप गॅस आला की आजच्या शेगडीचे जेट बदलावे लागतील. हे काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यायचं.

बाजारात उभ्या उभ्या काय बघायचं?

आधी शेगडी उलटी करा. खालून जाणारी गॅसची मुख्य नळी गंजून पापुद्रे सुटले असतील तर शेगडी तिथेच सोडा.

मग आयएसआयचं चिन्ह आणि ‘आयएस ४२४६’ हा क्रमांक शोधा. एलपीजीच्या घरगुती शेगड्यांसाठीचं हे भारतीय मानक आहे.

बर्नर हातात घ्या. पितळी बर्नर जड लागतो. तो वाकडा असेल, तडकला असेल किंवा भोकं झिजून एकमेकांत मिसळली असतील, तर बर्नर बदलण्याचा खर्च किमतीत धरा.

नॉब फिरवून बघा. तो अडकत असेल किंवा सैल फिरत असेल तर आतला कॉक दुरुस्तीला आला आहे.

काचेची शेगडी असेल तर काचेच्या कडेवरून नजर फिरवा. कडेला टवका उडाला असेल तर घेऊ नका. कडक केलेली ही काच तापल्यावर एकदम फुटून तिचे तुकडे होऊ शकतात.

घरी काय साफ करता येतं?

सिलिंडरपासून शेगडी सुटी करून बर्नर, जाळ्या आणि ट्रे कोमट साबणाच्या पाण्यात भिजत ठेवा. भोकं बारीक तारेने मोकळी करा आणि सगळं पूर्ण वाळल्यावरच बसवा. बर्नरखालची नळीही तपासा. पडून राहिलेल्या शेगडीत तिथे झुरळं किंवा कोळ्याची जाळी असतात. हवेचा रस्ता अडला की ज्योत पिवळी होते.

जेटमध्ये मात्र सुई घालू नका. पितळ मऊ असतं. समजा, ०.६० मिलिमीटरचं छिद्र घासून ०.७० मिलिमीटर झालं, तर त्याचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं आणि तेवढा गॅस जास्त सुटतो. बुजलेला जेट त्याच मापाचा नवा बसवावा. कॉकला ग्रीस लावायचं कामही जाणकार मेकॅनिकवरच सोपवावं.

जुनं कधीच घेऊ नये असं काय?

गॅसची नळी आणि रेग्युलेटर. नळी कायम नवी, तार गुंफलेली ‘सुरक्षा’ नळीच घ्यावी. तिचं आयुष्य पाच वर्षांचं असतं. रेग्युलेटर कंपनी अनामत घेऊन ग्राहकाला देते, त्यामुळे तो बाजारात विकत घ्यायची वस्तूच नाही.

बंद पडलेल्या हॉटेलची भट्टीही घरात आणू नका. तिला जास्त दाबाचा गॅस लागतो. घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार इतक्या कमी दाबाने गॅस सोडतो.

पत्त्याचा पुरावा नसलेल्या विद्यार्थ्यांनी दुकानात लहान टाकी भरून घेणं बेकायदा आणि धोक्याचं आहे. त्यापेक्षा ओळखपत्रावर मिळणारा ५ किलोचा अधिकृत सिलिंडर घ्यावा.

पहिल्यांदा पेटवताना

खिडकी उघडा. नॉब बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती तपासायची नाही. फेस शांत राहिला तरच बर्नर पेटवा. ज्योत निळी, एकसारखी आणि बर्नरला टेकलेली हवी. पिवळी ज्योत साफसफाईनंतरही तशीच राहिली तर शेगडी मेकॅनिकला दाखवेपर्यंत वापरू नका.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आलाच तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका, आणि बाहेर जाऊन १९०६ या गॅस गळतीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

शेवटी हिशेब सोपा आहे. शेगडीची किंमत, नवी नळी, जेट, कॉक, बर्नर आणि मेकॅनिकची मजुरी यांची बेरीज करा. ती नव्या आयएसआय शेगडीच्या जवळ जात असेल, तर नवीच घेतलेली बरी.