क्षेपणास्त्राला चकवा

उदगीर, देवणी, देगलूरकडच्या माणसाला लढाऊ विमानाचा आवाज नवा नाही. शेजारच्या बीदरला हवाई दलाचा तळ आहे. 23 फेब्रुवारी 2008 रोजी ‘हॉक’ विमानं तिथं दाखल झाली. लढाऊ वैमानिक होऊ घातलेले तरुण त्यांवर हात बसवतात. कसरती करणारी ‘सूर्यकिरण’ तुकडीही तिथलीच. डोक्यावरून विमान सूं करून गेलं, की याला कोण गाठणार असं वाटतं. पण खांद्यावरून डागायचं, जेमतेम पंधरा किलोचं स्टिंगर क्षेपणास्त्र आवाजाच्या दुपटीहून अधिक वेगानं झेपावतं. सरळ शर्यतीत हेलिकॉप्टर किंवा मालवाहू विमान तर सोडाच, हॉकसुद्धा त्याच्यापुढं टिकत नाही. म्हणून पळण्याबरोबर फसवणंही आलं.

ते न जमल्यास काय होतं, हे कारगिलनं दाखवलं. 27 मे 1999 रोजी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचं मिग-21 क्षेपणास्त्रानं पाडलं. दुसऱ्याच दिवशी तोलोलिंगच्या परिसरात हल्ल्याला निघालेल्या एमआय-17 हेलिकॉप्टरांपैकी ‘नुब्रा-3’ला स्टिंगर लागलं. त्यातले चौघेही गेले. तुकडीतल्या त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर सोडणारी यंत्रणाच नव्हती. त्यानंतर हेलिकॉप्टरं हल्ल्याच्या कामातून काढून घेतली आणि लढाऊ विमानं अधिक उंचावरून उडू लागली. यात एक खोच होती. स्टिंगर साधारण पावणेचार किलोमीटर उंची गाठतं. पण शत्रू बसला होता सोळा हजार फुटांच्या शिखरावर. म्हणजे त्याची पोच समुद्रसपाटीपासून साडेआठ किलोमीटरच्या घरात गेली. मैदानात ज्या उंचीवर वैमानिक निर्धास्त असतो, तिथं तो टप्प्यात होता.

फ्लेअर म्हणजे काय? मॅग्नेशियम आणि टेफ्लॉनची भुकटी चिकट द्रव्यात मळून दाबून केलेली कांडी. विमानाच्या अंगावर बसवलेल्या खोक्यातून ती झटक्यात बाहेर पडते आणि काही सेकंद दोन हजार अंशांच्या आसपास धगधगते. उष्णतेच्या मागावर असलेलं क्षेपणास्त्र इंजिन सोडून तिच्याकडं वळतं. मराठवाड्याला विमानातून जळणारी नळकांडी वेगळ्या कामासाठी ठाऊक आहेत: 2015 च्या दुष्काळात औरंगाबादहून कृत्रिम पावसासाठी विमानं उडाली, तेव्हा पंखांखाली असंच काही जळत होतं. तिथं क्षाराचे कण ढगात सोडायचे होते, इथं नुसती धग हवी.

मात्र क्षेपणास्त्रंही शहाणी झाली. पहिल्या पिढीची क्षेपणास्त्रं तापलेल्या नळीच्या मागं आंधळेपणानं धावत, म्हणून विमानाच्या शेपटीकडूनच डागावी लागत. पुढच्यांना दोन ‘रंगांतली’ उष्णता तपासता येऊ लागली. इंजिनापेक्षा कितीतरी तप्त असलेली कांडी आखूड लांबीच्या लहरी जास्त फेकते. क्षेपणास्त्र दोन्हींची तुलना करतं आणि ‘हे विमान नव्हे’ असं ताडतं. मग कांडीचं मिश्रण असं बदलावं लागतं, की तिचा उजेड इंजिनासारखा वाटेल. त्याही पुढची क्षेपणास्त्रं चित्रच पाहतात. त्यांच्यासाठी कांडीऐवजी लेझरची तिरीप थेट त्यांच्या डोळ्यावर मारतात. पंतप्रधानांच्या बोइंग 777 साठी अशीच यंत्रणा द्यायला अमेरिकेनं 2019 मध्ये मंजुरी दिली होती. शहरावरून जाणाऱ्या विमानानं जळत्या कांड्या टाकणं परवडत नाही, हेही त्यामागचं एक कारण.

रडारवर चालणाऱ्या क्षेपणास्त्राला फ्लेअरचा काही उपयोग नाही. त्यासाठी ‘चाफ’ लागतो: अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेले काचतंतू, केसाहून बारीक. तंतूची लांबी शत्रूच्या रडारलहरीच्या निम्मी ठेवली, की तो त्या लहरी जोरात परतवतो. तीन सेंटिमीटरच्या लहरीसाठी दीड सेंटिमीटरचा तंतू. अशा लाखो तंतूंचा ढग रडारवर विमानाएवढा, कधी त्याहून मोठा दिसतो. युक्ती जुनी आहे. 24 जुलै 1943 च्या रात्री ब्रिटिश विमानांनी हॅम्बुर्गवर कागदी-धातूच्या पट्ट्या उधळल्या आणि जर्मन रडार गोंधळली. पट्ट्यांची लांबी होती सुमारे 27 सेंटिमीटर, जर्मन रडारच्या लहरीच्या निम्मी.

आज तेवढ्यानं भागत नाही. हवेत सुटलेला चाफ क्षणात मंदावतो, विमान मात्र वेगात असतं. वेगातला हा फरक ओळखणारं रडार ढगाकडं ढुंकूनही बघत नाही. त्यामुळं वैमानिक चाफ सोडतो आणि त्याच क्षणी विमान रडारच्या रेषेला आडवं वळवतो. रडारच्या दिशेनं त्याचा वेग जवळपास शून्य होतो, आणि ढग कोणता, विमान कोणतं, हे ठरवणं अवघड जातं. म्हणजे चाफचं काडतूस आपोआप वाचवत नाही. ते वैमानिकाला वळायला फट देतं. ती फट साधायला आधी धोक्याचा इशारा देणारे कान हवेत. म्हणून रडारचा वेध ओळखणारं यंत्र, क्षेपणास्त्र सुटल्याची चमक टिपणारं यंत्र आणि काडतुसं सोडणारं यंत्र ही एकमेकांना जोडलेली असतात.

या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. पाषाणजवळ सुतारवाडीला उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे. नैनितालला 1908 मध्ये तिची सुरुवात झाली, 1960 मध्ये ती पुण्यात आली. स्फोटकं आणि जळणारी मिश्रणं हा तिचा विषय. जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेनं या प्रयोगशाळेच्या साथीनं ‘118/आय’ हे प्रगत चाफ काडतूस तयार केलं. हवाई दलानं त्याच्या चाचण्या घेतल्या, त्या यशस्वी झाल्या आणि ऑगस्ट 2021 मध्ये ते दलात दाखल होत असल्याची घोषणा झाली. काडतुसं सोडणारी यंत्रणा हैदराबादची भारत डायनॅमिक्स बनवते.

नवं विमान आलं की पहिल्या पानावर फोटो येतो. काडतुसाचा येत नाही. ते खर्ची सामान. वापरलं की संपतं, न वापरता मुदत उलटली की बाद करावं लागतं, म्हणून त्याचा पुरवठा कधी थांबून चालत नाही. माझ्या मते विमानखरेदीच्या चर्चेत किमतीआधी विचारायला हवं: त्यातल्या प्रत्येकावर ही यंत्रणा बसवली आहे का, आणि काडतुसं किती दिवस पुरतील? ‘नुब्रा-3’च्या वेळी पहिल्याच प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं होतं.